ॲम्बेसिडरचं हेड: नवीन आणायचं की आहे तेच घडवायचं?

ॲम्बेसिडरचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन म्हणजे ब्रिटनच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीचं बी-सिरीज. हेच इंजिन १९५५ साली एमजीए नावाच्या स्पोर्ट्स कारमध्ये बसलं आणि तिथे त्यानं आधी ६८, पुढे ७२ हॉर्सपॉवर दिली. आपल्या गाडीत तेवढ्याच सीसीतून जेमतेम ५० च्या आसपास. मधले वीस घोडे गेले कुठे, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "हेड बदला." हेड म्हणजे सिलिंडरवर बसणारं, व्हॉल्व्ह धरणारं झाकण. पण ते बदलणं हे अर्धंच उत्तर आहे. एमजीएचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ८.३ होतं, आपलं ७.२ च्या आसपास. तिला दोन एसयू कार्बोरेटर, आपल्याला एक. तिचे व्हॉल्व्ह मोठे, कॅम (व्हॉल्व्ह उघडायला लावणारा दांडा) वेगळा. हे सगळं एकमेकांच्या मापानं केलेलं होतं. त्यातलं फक्त हेड उचलून आपल्या ब्लॉकवर ठेवलं तर वीस घोडे येत नाहीत. कधीकधी आहेत त्यातलेही जातात. ते कसं, ते पुढे येईलच.

नाशिकमध्ये जुनी गाडी मनापासून सांभाळणाऱ्याला आमचा सल्ला सरळ आहे. परदेशी हेडच्या मागे लागण्याआधी स्वतःच्या गाडीचं हेड नीट घडवून घ्या. त्यासाठी लागणारी मशीनं सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यात आहेत आणि मायकोच्या (आताच्या बॉशच्या) जमान्यापासून मायक्रोमीटर हाताळणारे हातही आहेत. कमी पडतं ते काम सांगणाऱ्याला कामाचं माप माहीत असणं.

हेडचं काम म्हणजे हवेचं काम

४२०० आरपीएमला हे इंजिन दर मिनिटाला जास्तीत जास्त ३१२७ लिटर हवा ओढू शकतं (१.४८९ लिटर गुणिले २१००, कारण फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतं). प्रत्यक्षात ते बरीच कमी ओढतं. नाक चोंदलेल्या माणसानं ब्रह्मगिरी चढावा, तशी त्याची गत असते. जी हवा आतच आली नाही तिच्यासोबत पेट्रोलही जळणार नाही, म्हणून ताकदीचा प्रश्न आधी हवेचा प्रश्न असतो.

बी-सिरीज हेडला एक जन्मजात अडचण आहे. सिलिंडर चार, पण इनलेटची (हवा आत येण्याची) भोकं दोनच. पहिला-दुसरा सिलिंडर एका भोकातून पितात, तिसरा-चौथा दुसऱ्या. एक्झॉस्टला (धूर बाहेर जायला) तीन भोकं, त्यातलं मधलं दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचं सामायिक. ही रचना ओतीव लोखंडात पक्की झालेली आहे, ग्राइंडरनं ती बदलत नाही. या भोकांच्या वाटांनाच पोर्ट म्हणतात. त्यामुळे "पोर्ट मोठे करून दिले" असं कोणी सांगितलं की कुठे मोठे केले ते विचारावं. भोकाच्या तोंडाशी दिवा लावून चकाचक दिसणारं पॉलिश फारसं काही देत नाही. बंद व्हॉल्व्ह ज्या कडेवर टेकतो ती सीट. खरा अडथळा असतो त्या सीटखालच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये.

व्हॉल्व्ह मोठा करण्याचा हिशेबही बघा. व्हॉल्व्ह उघडल्यावर हवा त्याच्या कडेनं आत शिरते. त्या फटीचं क्षेत्रफळ म्हणजे व्हॉल्व्हचा परीघ गुणिले लिफ्ट (व्हॉल्व्ह जेवढा उघडतो ते अंतर). ३५ मिमीचा व्हॉल्व्ह ३८ मिमीचा केला आणि कॅम तोच ठेवला, तर फट साडेआठ टक्क्यांनी वाढते, त्याहून जास्त नाही. शिवाय मोठ्या व्हॉल्व्हची कड चेंबरच्या भिंतीजवळ जाते आणि त्या बाजूनं हवा शिरेनाशी होते. हाती काय लागलं, तर चार-पाच टक्के. तेवढंच किंवा त्याहून जास्त नुसत्या सीट नीट कापून मिळू शकतं.

हेडला हात लावण्याआधी

खालचं इंजिन तपासा. गरम इंजिनावर, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून कॉम्प्रेशन गेजनं मोजा. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती आहे हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर गेलेत. तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. रिंगा गेलेल्या इंजिनावर घट्ट हेड बसवलं की गाडी पूर्वीपेक्षा जास्त ऑइल प्यायला लागते आणि दोष हेडच्या माथी येतो.

दुसरी तपासणी कागदाची. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत ही तरतूद आली, नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. मूळ हेडच दुरुस्त करून बसवलेलं असेल तर बोट ठेवायला जागा कमी. दुसऱ्या गाडीचं हेड, जोड-कार्बोरेटर आणि बदललेला मॅनिफोल्ड दिसला तर प्रश्न विचारले जाणारच. ही नोंद हवी असेल तर काम सुरू करण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत विचारून घ्या, नंतर नको. एरवीच्या एमएच-१५ नोंदणीत इंजिन नंबर ब्लॉकवर असल्यामुळे आणि सीसी तेच राहत असल्यामुळे मूळ हेड घडवून आरसीवरचं काही बदलत नाही.

हेड उतरवताना

या इंजिनात रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा दांडा) धरणारे चार नट हेडही धरून ठेवतात. रेडिएटरमधलं पाणी न काढता फक्त रॉकर सोडवायला गेलात तर हेड एका बाजूनं दबलेलं आणि दुसऱ्या बाजूनं मोकळं राहतं, ते वाकू शकतं आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून आधी पाणी पूर्ण काढा, मग हेडचे सगळेच नट थोडे थोडे, बाहेरून मध्याकडे, सैल करत या. पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणाऱ्या काड्या) काढताना पुठ्ठ्यावर आठ भोकं पाडून क्रमानं खोचून ठेवा. घासलेला टॅपेट (पुशरॉडखालचा, कॅमवर टेकणारा भाग) आणि त्याची पुशरॉड यांची जोडी मोडायची नाही.

हेड हातात आल्यावर पैसे खर्च करण्याआधी तडे बघा. मधल्या दोन एक्झॉस्ट सीटच्या मधली जागा सगळ्यात जास्त तापते, बी-सिरीजमध्ये तडा बहुधा तिथेच सापडतो. कार्बन खरवडून डाय-पेनिट्रंट मारा: लाल रंग, पंधरा मिनिटं थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर. केसाएवढी लाल रेघ उमटली तर ते हेड बाजूला ठेवा. मग पाण्याची भोकं पट्ट्यांनी बंद करून, गरम पाण्यात बुडवून दोन-तीन बार हवेचं प्रेशर द्या आणि बुडबुडे शोधा. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलेल्या गाड्यांत वॉटर जॅकेट एकीकडे क्षारांनी भरलेलं असतं आणि दुसरीकडे गंजून पातळ झालेलं. अशा पातळ जागी सीटसाठी खळगा मारताना कटर थेट पाण्यात उतरतो. प्रेशर टेस्ट सीटच्या कामाआधी एकदा आणि नंतर पुन्हा, दोन्ही वेळा करायची.

सीट, गाइड आणि पोर्ट

जुनी इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलवर चालायची. शिशाचा थर एक्झॉस्ट सीटला वाचवत असे. भारतात २००० सालापासून शिसं बंद झालं. तेव्हापासून मूळ लोखंडी सीटवर आपटणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, विशेषतः हायवेवर सलग वेगात, हळूहळू सीटमध्ये रुतत जातो. लक्षण ओळखीचं आहे: टॅपेटचा गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) वारंवार कमी होत जातो, शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. म्हणून एक्झॉस्टला कडक सीट इन्सर्ट बसवून घ्याच. लोखंडी हेडमध्ये इन्सर्टचा बाहेरचा व्यास खळग्यापेक्षा ०.०८ ते ०.१२ मिमी मोठा ठेवतात. इन्सर्ट गार करून, सरळ ड्रिफ्टनं एका दमात बसवायचा. तिरका गेला की तो कधीतरी सुटतो, आणि सुटलेला इन्सर्ट पिस्टन फोडतो. इनलेटला इन्सर्टची गरज सहसा नसते.

सीट तीन कोनांत कापायची: ४५ अंशाची बैठक, तिच्यावर ३०, खाली ६०. बैठकीची रुंदी इनलेटला १.२ ते १.५ मिमी, एक्झॉस्टला १.५ ते २ मिमी. एक्झॉस्टची रुंदी जास्त, कारण व्हॉल्व्हची उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते. अरुंद सीट हवेला बरी, पण व्हॉल्व्हला मारते. कापून झाल्यावर व्हॉल्व्हवर निळी शाई लावून तो एकदाच दाबून बघा. रेघ अखंड हवी आणि व्हॉल्व्हच्या कडेपासून थोडी आत हवी. पेस्ट लावून तासभर घासत बसायची गरज नाही. सीट नीट कापलेली असेल तर हलकं लॅपिंग पुरतं, जास्त घासलं की कापलेले कोनच बोथट होतात. गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) घासलेला असताना मात्र सीट कापू नका. कटरचा पायलट गाइडमध्येच बसतो, तो हलला की सीट गोल होत नाही.

आता पोर्ट. सीटच्या खाली, जिथे ओतीव काम संपून मशीनची कड सुरू होते, तिथे एक ठळक पायरी असते. ती मिटवून वळण गुळगुळीत करणं, गाइडभोवतीचा उंचवटा थोडा निमुळता करणं आणि वळणाच्या आतल्या बाजूची तीक्ष्ण कड किंचित गोल करणं, एवढं केलंत तर पोर्टिंगचं बहुतेक सगळं मिळालं. वळणाचा तळ खोल खणायचा मोह आवरा, पलीकडे पाणी आहे. इनलेटचा शेवटचा हात ८० नंबरच्या पेपरचा. थोडी खरखर चालते, किंबहुना थंड इंजिनात भिंतीला चिकटलेलं पेट्रोल पुन्हा उचललं जायला ती बरी. एक्झॉस्टला आरसा करा हवं तर, कार्बन कमी धरतो.

मॅनिफोल्ड जुळवताना नवीन गॅस्केट हेडवर ठेवून सुईनं रेघ मारा आणि त्या रेघेपलीकडे जाऊ नका. हवेच्या वाटेत पुढे येणारी कड नको, एवढाच नियम. म्हणजे इनलेटला मॅनिफोल्डचं भोक हेडच्या भोकापेक्षा जराही मोठं नको, आणि एक्झॉस्टला हेडचं भोक मॅनिफोल्डच्या भोकापेक्षा मोठं नको.

कॉम्प्रेशन: किती उतरवायचं

सगळ्यात जास्त हेड इथे बिघडतात. कारण "दोन एमएम मारून द्या" असं सांगणं सोपं असतं.

एका सिलिंडरचं माप १४८९ भागिले ४, म्हणजे ३७२.३ सीसी. कॉम्प्रेशन ७.२ असेल तर पिस्टन वर असताना उरलेली जागा ३७२.३ भागिले ६.२, म्हणजे ६० सीसी. यात हेडमधला चेंबर, गॅस्केटची जाडी, पिस्टनच्या डोक्यावरचा खळगा आणि पिस्टन ब्लॉकच्या पातळीपासून जेवढा खाली थांबतो ती जागा, असं सगळं येतं. एमजीएच्या ८.३ ला जायचं तर ही जागा ५१ सीसी हवी, म्हणजे ९ सीसी घटवायला हवेत. चेंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ समजा ३० चौरस सेंटिमीटर आहे, तर ०.१ मिमी फेसिंगला (हेडचा तळ कापण्याला) ०.३ सीसी जातात. ९ सीसीसाठी ३ मिमी. तेवढं उतरवलं तर हेडचा तळ पातळ होतो, गॅस्केट टिकत नाही, चेंबरचा आकारच बदलतो. १.५ मिमी उतरवलं तर ४.५ सीसी गेले, उरले ५५.५, कॉम्प्रेशन झालं ७.७. हिशेबानं त्यातून साधारण दोन टक्के कार्यक्षमता वाढते. पुढचं अंतर काटायचं तर ते हेडमधून नाही, उथळ खळग्याच्या किंवा सपाट पिस्टनमधून काटायचं, आणि ते बोअरिंगच्या वेळीच परवडतं. दीड मिमीलाही हो म्हणण्याआधी हेडची उंची मोजा. आधीच्या मालकानं दोनदा फेसिंग करून घेतलेलं असेल तर तुमच्या वाट्याला काहीच उरलेलं नसतं.

चेंबर मोजायला महागडं काही लागत नाही. लॅब साहित्याच्या दुकानातून ब्युरेट आणा, ॲक्रिलिकच्या तुकड्याला दोन भोकं पाडा. हेड उलटं, पाणसळीनं समतल ठेवा, प्लग आणि व्हॉल्व्ह बसवा, सीटला किंचित ग्रीस. ॲक्रिलिक ग्रीसवर दाबून रंगवलेलं रॉकेल किंवा पातळ ऑइल ब्युरेटनं भोकातून भरत जा. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत सारखे हवेत. लहान असलेल्यातून व्हॉल्व्हच्या बाजूची भिंत किंचित खरवडून तो मोठा करायचा. मग एक युक्ती: हेडच्या चेंबरमध्ये जेवढे सीसी शेवटी हवेत तेवढंच तेल ॲक्रिलिकशिवाय चेंबरमध्ये ओता आणि हेडच्या पृष्ठभागापासून तेलाची पातळी किती खाली आहे ते डेप्थ गेजनं मोजा. ते अंतर म्हणजे फेसिंगचा आकडा. लेथवाल्याला कागदावर लिहून द्यायचा तो हाच. फेसिंगनंतर स्टीलची सरळपट्टी तिरकी-आडवी ठेवून ०.०५ मिमीचा फीलर खाली जाता कामा नये.

आता परदेशी हेडचा तो सापळा. एमजीबीचं हेड याच घराण्यातलं आहे, व्हॉल्व्ह मोठे आहेत आणि त्याचा मोह सगळ्यांना होतो. पण एमजीबी १७९८ सीसीची. तिचा चेंबर सिलिंडरमागे ४५० सीसीच्या हिशेबानं केलेला. तो ३७२ सीसीवर ठेवला की जागा जास्त आणि कॉम्प्रेशन उलट खाली. शिवाय तिचा बोअर ८०.२६ मिमी, आपला ७३.०२५. मोठा व्हॉल्व्ह खाली येताना बोअरच्या कडेला ब्लॉकवर आपटू शकतो. मग ब्लॉकमध्ये खाचा माराव्या लागतात आणि त्या वरच्या रिंगच्या रेषेपर्यंत पोचू द्यायच्या नसतात. पैसे घालूनच बसलेल्यानं हे करावं, हौसेपोटी नाही.

जुळणी

हेड दीड मिमी खाली आलं म्हणजे रॉकरही तेवढाच खाली आला. पुशरॉड मात्र तेवढीच राहिली. टॅपेटचा स्क्रू पार वर जातो. याचा नीट उपाय तेवढ्याच आखूड पुशरॉड करून घेणं. रॉकरच्या पायाखाली शिम टाकणं ही तडजोड आहे, आणि ती करताना ज्या पायातून रॉकरला तेल येतं त्याच्या शिमला भोक ठेवायला विसरलात तर वरचा सगळा संच कोरडा चालून घासतो. बरोबर जुळलंय का ते व्हॉल्व्हच्या टोकावर शाई लावून कळतं. रॉकरची खूण मध्यावर हवी.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर मुलांच्या खेळण्यातल्या प्लॅस्टिसिननं तपासा. पिस्टनवर गोळी ठेवा, जुन्या गॅस्केटसह हेड कसा, इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा, उघडा आणि सगळ्यात पातळ जागा मोजा. इनलेटला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी राहिली पाहिजे. स्प्रिंग कडक बसवल्या असतील तर पूर्ण लिफ्टला वेटोळी एकमेकांना भिडत नाहीत ना ते बघा, मिळून निदान एक मिमी मोकळी हवी. मूळ कॅमसाठी मूळ ताकदीच्याच स्प्रिंग बऱ्या. जास्त कडक स्प्रिंगनं कॅम आणि टॅपेट खरवडले जातात, मिळत काही नाही.

ब्लॉकमध्ये स्टडच्या भोकाभोवतीचं लोखंड ओढलं जाऊन वर आलेलं असतं, ते काढून टाका, नाहीतर नवी गॅस्केट तिथेच उचलली जाते. नट मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, मॅन्युअलच्या आकड्याला. टॅपेट लावताना नऊचा नियम: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला लावायचा, सातवा उघडा तेव्हा दुसरा, बेरीज कायम नऊ. पहिल्यांदा तापून पूर्ण गार झाल्यावर एकेक नट चतकोर फेरा सैल करून पुन्हा टॉर्कला न्या, मग टॅपेट परत तपासा, कारण गॅप बदललेला असतोच.

पेट्रोल, टायमिंग आणि कसारा

आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहोत. हवा सहा-सात टक्के विरळ, त्यामुळे कार्बोरेटर आपोआप तीनेक टक्के रिच (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त) होतो. पण पंपावरच्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला त्याच हवेत आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागतं. वजाबाकी केली तर जुन्या सेटिंगवर गाडी लीनच (पेट्रोल कमी) चालते, आणि हेड सुधारून हवा वाढली की आणखी लीन होऊ शकते. लीन मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतं. एसयू असेल तर जेटच्या नटाचा परिणाम सगळ्यात जास्त आयडलवर होतो, वरचं नीट सुधारायला एक पायरी रिच निडल (जेटमधली सुई) लागते. सोलेक्स असेल तर मेन जेट बदला. ई२० जुन्या रबरालाही खातं. पेट्रोलचे पाइप, पंपाचा डायफ्राम आणि फ्लोटची सुई याच वेळी बदलून टाका. चांगली बाजू अशी की ई२० चं ऑक्टेन जास्त आहे, ७.७ ते ८.३ कॉम्प्रेशनला ते पुरून उरतं.

प्रीमियर पद्मिनीवाल्यांसाठी दोन ओळी: तुमचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. ते वाकतं लवकर, तडे वेल्डिंगनं भरता येतात, पण एकदा खूप तापलेलं हेड मऊ पडतं आणि स्टडखाली दबतं. इन्सर्ट बसवताना हेड दीडशे अंशापर्यंत तापवून घ्यायचं. साइड-व्हॉल्व्हच्या (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेल्या) जुन्या विलीज जीपचा हिशेब वेगळाच. तिथे हेड म्हणजे नुसतं झाकण, आणि ते जास्त उतरवलं तर व्हॉल्व्हकडून सिलिंडरकडे जाणारी हवेची वाटच अरुंद होते.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, कंपनीच्या आकड्यापेक्षा दोन अंश मागे ठेवून सुरुवात करा. शहरात मुंबई नाका ते द्वारका फिरवून काही कळत नाही. पहिले पाचशे किलोमीटर सांभाळून झाल्यावर कसारा उतरा आणि दुपारच्या उन्हात इगतपुरीकडे परत चढा, तिसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्याहून जास्त थ्रॉटलवर. खडखड (मिश्रण अवेळी पेटल्याचा आवाज) ऐकू आली नाही तर एक अंश पुढे घ्या आणि पुन्हा चढवा. जिथे बारीकशी खडखड सुरू होते तिथून दोन अंश मागे, आणि डिस्ट्रिब्युटर कसून टाका. चढ संपल्याबरोबर सुरक्षित जागी बाजूला घेऊन, आयडलवर न ठेवता इंजिन बंद करा आणि गार झाल्यावर प्लग काढून बघा. फिका तपकिरी रंग आला तर निडल बरोबर. पांढराफटक आला तर अजून एक पायरी रिच करा, आणि तोवर घाटात पाय हलका ठेवा.